निळा अंगरखा, तांबडें उपरणें

माझ्या पुस्तकांच्या कपाटांतील मधल्या फळीवर पुस्तकें नाहींत. वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी, मोल्सवर्थचा कोश आणि वडिलांच्या वेळचीं कांहीं जाडजूड चरित्रें आहेत. खालच्या फळीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत. आणि या दोहोंच्या मध्यें, बरोबर डोळ्यांच्या रेषेंत, बारा बॅटमन, सात सुपरमन आणि त्यांचा थोडाबहुत गोतावळा दाटीवाटीनें उभा आहे. नवा पाहुणा आला म्हणजे त्याची नजर ज्ञानेश्वरीवरून आदरानें खालीं उतरते आणि या फळीपाशीं येऊन ठेंचाळते. ‘मुलांचीं वाटतें?’ असें तो समजूतदारपणें विचारतो. ‘नाहीं, माझींच,’ असें मीं सांगितलें, कीं त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो आतां माझ्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. एखाद्या वडील माणसाला थोडें कमी ऐकूं येतें असें कळल्यावर आपण जसे उगाच मोठ्यानें बोलूं लागतों, तसा तो त्यानंतर माझ्याशीं उगाच मायेनें बोलूं लागतो.

या वस्तूंना म्हणावें तरी काय, ही पहिली अडचण. आमच्या घरीं त्यांना ‘बाहुले’ म्हणतात. हें नामकरण माझ्या पत्नीचें. मीं ‘वीरमूर्ति’ असा भारदस्त शब्द सुचवून पाहिला. परंतु ‘मूर्तीला आपण रोज आंघोळ घालतों, या बाहुल्यांवरची धूळ कोण पुसतें तें सर्वांना ठाऊक आहे,’ एवढेंच म्हणून तिनें तो निकालांत काढला. मला समाधान इतकेंच, कीं हीच अडचण माझ्याआधीं फार मोठमोठ्या लोकांना पडलेली आहे. अमेरिकेंतील हॅसब्रो कंपनीनें १९६४ सालीं ‘जी. आय. जो’ नांवाचा फूटभर उंचीचा, खऱ्या कापडाचा गणवेष घातलेला आणि सांध्यासांध्यांत वळणारा एक शिपाई बाजारांत आणला. वस्तुस्थिति पाहिली तर तो शुद्ध बाहुला होता; पण मुलगे बाहुल्यांशीं खेळणार नाहींत, आणि मुलग्यांचे बाप तर ते दुकानांतून उचलणारहि नाहींत, ही व्यापाऱ्यांना धास्ती. म्हणून ‘ॲक्शन फिगर’ हा नवाच शब्द घडविण्यांत आला. एका शब्दानें इतक्या बापांची लाज राखल्याचें उदाहरण व्यापाराच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

पुढें हा वाद न्यायालयांतहि जाऊन आला. त्या देशाच्या जकातीच्या कोष्टकांत पूर्वीं असा भेद होता, कीं माणसाची प्रतिमा असेल तर ती बाहुली, आणि तिच्यावर शेंकडा १२ जकात. माणसाखेरीज इतर प्राण्याची असेल तर तें नुसतें खेळणें, आणि त्यावर शेंकडा ६.८. ‘एक्स-मेन’ वगैरे मंडळींचे पुतळे परदेशांत करवून आणणाऱ्या टॉय बिझ कंपनीचें म्हणणें असें, कीं हीं माणसें नव्हेत. सरकारचें म्हणणें, हीं माणसेंच. २००३ सालीं न्यायाधीश ज्यूडिथ बार्झिले यांनीं कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. मौज अशी, कीं एक्स-मेनच्या कथा १९६३ सालीं सुरू झाल्या तेव्हांपासून त्या बिचाऱ्यांचा सारा झगडा चालला आहे तो ‘आम्हीहि माणसेंच आहोंत’ हें जगाला पटविण्यासाठीं. आणि त्यांच्या धन्यानेंच जकातीच्या चार पैशांसाठीं तें माणूसपण भर न्यायालयांत सोडून दिलें!

पण खरें सांगायचें तर माझें मन गुंतलें आहे तें बाहुल्यांत नव्हे; त्यांच्या कपड्यांत. सिनेमांतील पोशाखांचे पुतळे आज कोणत्याहि मोठ्या दुकानांत मिळतात. मी ते घेत नाहीं. कागदावर शाईनें काढलेला जो मूळचा पोशाख, तो ज्यानें अंगावर घातला आहे, त्यालाच माझ्या फळीवर जागा.

या पोशाखांची जन्मकथा मोठी गमतीची आहे. सुपरमन प्रथम प्रसिद्ध झाला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत. त्या अंकावर जून १९३८ अशी तारीख आहे, आणि किंमत दहा सेंट. क्लीव्हलंड शहरच्या जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं तो निर्माण केला आणि अवघ्या १३० डॉलरांना त्याचे हक्क देऊन टाकले. अंगासरशी निळी तुमान व अंगरखा, त्यावर बाहेरून तांबडी चड्डी आणि पाठीवर तांबडें उपरणें हा जो वेष शुस्टरनें त्याला दिला, तो मुळांत सर्कशींतल्या बलभीमांचा. १८८० सालीं विष्णुपंत छत्र्यांनीं सर्कस काढली तेव्हांपासून महाराष्ट्राला सर्कशीची ओळख आहे. चड्डी बाहेरून कां, असें विचारून आजचीं मुलें हंसतात; आमच्या पणजोबांना तो प्रश्न पडला नसता. २०११ सालीं ती चड्डी सुधारणेच्या नांवाखालीं काढून टाकण्यांत आली. निष्ठावंत वाचक सात वर्षें कुरकुरले. आणि २०१८ सालीं ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकांत ती सन्मानानें परत आली. आपल्याकडे पगडी गेली ती गेलीच. तिकडे चड्डीसुद्धां परत येते.

रंगांचें कारण याहूनहि साधें आहे. हीं पुस्तकें हलक्या कागदावर चार शायांच्या ठिपक्यांनीं छापलेलीं. शाई पसरली, रंग रेषेबाहेर गेला, तरी पानाच्या कोपऱ्यांतील बोटभर चित्रांत आपला वीर मुलाला ओळखूं आला पाहिजे. चेहरा नीट उमटेलच याची शाश्वती नाहीं. म्हणून ओळख कपड्यांवर सोंपविलेली. बॅटमनचीच गोष्ट घ्या. १९३९ सालीं तो आला तेव्हां त्याचा झगा काळा होता. काळ्या शाईंत उजेड दाखवायचा म्हणून निळ्या छटा घालण्याची रीत होती. त्या छटा वाढत वाढत गेल्या आणि बघतां बघतां झगा निळाच ठरला. १९६४ सालीं त्याच्या छातीवरील वटवाघळाभोंवतीं पिंवळें वर्तुळ आलें. माझ्या बारा बॅटमनांपैकीं आठ जण हेंच वर्तुळ मिरवतात. कारण मी वाचूं लागलों त्या काळीं बॅटमन म्हणजे निळा, करडा आणि पिंवळा, असें समीकरण होतें. १९८९ च्या चित्रपटांत तो काळें रबर घालून आला तेव्हां मला, ओळखीचा गृहस्थ परदेशाहून नवा सूट घालून परत यावा आणि त्यानें ओळख दाखवूं नये, तसें कांहींसें वाटलें.

आपल्याकडील मंडळींना जवळचें उदाहरण द्यायचें तर ‘वेताळा’चें. १९६४ सालीं मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झालें आणि ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठींत वेताळ होऊन आमच्या घरांत शिरला. फॉक यांच्या मनांत म्हणे त्याचा वेष करडा होता. परंतु १९३६ पासून रोजच्या वर्तमानपत्रांत येणारीं त्याचीं चित्रें काळींपांढरीं. १९३९ सालीं रविवारच्या रंगीत पुरवणींत तो जांभळा छापला गेला आणि अमेरिकेंत जांभळाच राहिला. इटलींत तोच लाल झाला, स्कँडिनेव्हियांत निळा. एकच माणूस, एकच शपथ, एकच कवटीची गुहा. पण ज्या गांवच्या छापखान्यांत जी शाई, तो त्याचा धर्म!

खेळण्यांच्या कारखानदारांनीं हें मर्म फार लवकर ओळखलें. १९६६ सालीं ‘आयडियल’ कंपनीनें ‘कॅप्टन ॲक्शन’ नांवाचा एक बाहुला काढला. हा स्वतः कोणीच नव्हता. त्याच्यासाठीं पोशाख आणि मुखवटे निराळे विकत घ्यावयाचे. एक चढविला कीं तो सुपरमन, दुसरा चढविला कीं बॅटमन, तिसरा चढविला कीं चक्क आपला वेताळ. दोन वर्षांतच त्याचें दुकान उठलें. पण बहुरूप्याचा हा अमेरिकन भाऊबंद मला सर्वांत बुद्धिमान वाटत आला आहे. त्यानंतर १९७२ सालापासून ‘मेगो’ कंपनीनें आठ इंची पुतळ्यांची मालिका काढली. त्यांत खर्च वांचविण्यासाठीं धड सर्वांना एकच. डोकें आणि पाठीला टिचबटणें लावलेला कापडी पोशाख तेवढा वेगळा. याचा अर्थ असा, कीं कपडे उतरविले तर बॅटमन आणि त्याचा हाडवैरी जोकर यांच्यांत गळ्याखालीं तिळभर फरक उरत नसे. वेदान्ताचा हा पाठ इतक्या स्वस्तांत दुसऱ्या कोणीं दिल्याचें मला माहीत नाहीं.

पुढें कपडा गेला आणि अंगावरच ओतलेला, रंगविलेला प्लॅस्टिकचा पोशाख आला. पोलादी सांचा महाग, रंग स्वस्त. म्हणून एका सांच्यांतून निघालेल्या वीराला बर्फांतला वेष, पाण्याखालचा वेष असे नाना वेष देऊन पुनःपुन्हां विकण्याची युक्ति निघाली. नायक एकदांच विकतां येतो. त्याचे कपडे मात्र कितीहि वेळां विकतां येतात. चित्रकारापेक्षां मूर्तिकाराची अडचण येथें निराळी आहे. कागदावरील उपरणें वाऱ्याचें नसतें, मनाचें असतें; सुपरमन रागावला कीं तें फडफडतें, खिन्न झाला कीं खालीं लोंबतें. प्लॅस्टिकमध्यें मात्र कोणती तरी एकच घडी कायमची पत्करावी लागते. सांध्यांचीहि तीच कथा. गुडघा वळावा म्हणून तेथें कापा घालावा, तर पायावरून गेलेली रंगाची पट्टी तुटते. पट्टी अखंड ठेवावी, तर गुडघा वळत नाहीं. ज्याला हालतां येतें त्याचा पोशाख भंगलेला, आणि ज्याचा पोशाख अभंग तो जागचा हालत नाहीं. माणसांच्या जगांतहि मला हा नियम पुष्कळदां दिसला आहे.

आतां हें सारें वेड माझ्या घरांत शिरलें कसें, तें सांगतों. १९८५ सालीं अमेरिकेहून आलेल्या मामानें आम्हां दोघां भावांत मिळून एक सुपरमन दिला. ‘केनर’ कंपनीची ‘सुपर पॉवर्स’ नांवाची मालिका त्याआधींच्याच वर्षीं निघाली होती, त्यांतला तो. दोन पाय चिमटींत दाबले कीं तो हात चालवी. गार्सिया-लोपेझ या चित्रकारानें आंखून दिलेल्या नमुन्यांवर ही मालिका बेतलेली असल्यामुळें तो थेट पानांतून उतरल्यासारखा दिसे. मी नऊ वर्षांचा, भाऊ सहा वर्षांचा. त्याचे दिवस वांटून घेतलेले: सोम, बुध, शुक्र माझे, मंगळ, गुरु, शनि त्याचे, रविवार भांडणाचा. मी त्याला टेबलावर उभा करून न्याहाळीत बसे. भाऊ त्याला उडवी. एका गुरुवारीं त्याचें उपरणें गॅलरींतून उडून शेजारच्या वाड्याच्या कौलांवर गेलें तें गेलेंच. संध्याकाळपर्यंत रडारड चालली; तेव्हां आईनें ब्लाउजच्या लाल कापडाचा उरलेला तुकडा घेतला, काठाला बारीक धांवदोरा घातला आणि गळ्याशीं दोन टांके मारून त्याच्या पाठीवर अडकवून दिलें.

संग्राहक झालों तो पुष्कळ नंतर, स्वतःची मिळकत सुरू झाल्यावर. या पंथाचेहि दोन संप्रदाय आहेत. एक खोका उघडणाऱ्यांचा आणि दुसरा न उघडणाऱ्यांचा. माझे एक स्नेही दुसऱ्या संप्रदायांतले. त्यांच्या घरीं सव्वाशे वीर आपापल्या पारदर्शक कवचांत जन्मल्यापासून उभे आहेत. एकालाहि मनुष्याच्या हाताचा स्पर्श झालेला नाहीं. खोका उघडला कीं किंमत उतरते, हें त्यांचें म्हणणें व्यवहाराच्या दृष्टीनें बरोबर आहे. पण काळाला खोका उघडावा लागत नाहीं. कवच आंतल्या आंत पिंवळें पडतें. मऊ प्लॅस्टिक नरम राहावें म्हणून त्यांत घातलेलें द्रव्य वर्षानुवर्षें हळूहळू बाहेर पाझरतें आणि वीराच्या अंगाला चिकट घाम सुटतो. आमच्या पावसाळ्यांत पुठ्ठ्यावर बुरशीचीं फुलें उमलतात. कापूर ठेवा, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा. अविनाशी वीरांचाहि देह अखेर नाशिवंतच. मी पहिल्या संप्रदायांतला. वस्तु घरीं आली कीं मी ती उघडतों, हातांत घेतों आणि तिचे सांधे हलवून पाहतों.

गेल्या वर्षीं आमची इमारत पाडून नवी बांधण्याचें ठरलें आणि तीन वर्षांसाठीं दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेंत जाण्याची वेळ आली. तोंपर्यंत माझ्या वीरांचें एक अख्खें कपाट होतें. पत्नीनें शांतपणें हिशेब मांडला: भांडीं इतकीं, पुस्तकें इतकीं, आणि बाहुल्यांना एक फळी. तिच्या हिशेबांत खोट काढण्याजोगें कांहीं नव्हतें. तेव्हां जुन्या खेळण्यांची देवघेव करणाऱ्या एका जाणकार गृहस्थांना मीं घरीं बोलाविलें. मनुष्य सज्जन, नजर तयार. एकेक पुतळा उजेडांत धरून, उलटासुलटा करून, त्यांनीं सव्वा तासांत साऱ्या संग्रहाचें मोल केलें. कांहीं आकडे ऐकून मी चकित झालों. कांहीं ऐकून पत्नी चकित झाली, आणि त्या दिवसापासून ‘बाहुले’ या शब्दांतला तिरकसपणा जरा कमी झाला.

शेवटीं तो १९८५ चा सुपरमन त्यांच्या हातीं आला. छातीवरचें अक्षर झिजून जवळजवळ नाहींसें झालेलें. नाकाचा शेंडा आणि चड्डीची कड यांवरचा रंग उडालेला. पाय दाबले तर हात हालत नाहींत. उपरणें उचलून त्यांनीं तो धांवदोरा पाहिला आणि पुतळा हळूच वेगळा ठेविला. ‘उपरणें मूळचें नाहीं,’ ते म्हणाले, ‘याचें कांहीं येणार नाहीं.’

त्यांच्या शास्त्राप्रमाणें हा निर्णय अगदीं बरोबर होता, आणि मीं कांहीं वादहि घातला नाहीं. परंतु ते गेल्यावर ‘मूळचें’ या शब्दावर माझें मन बराच वेळ घोटाळत राहिलें. जो रंग उडाला होता तो काळानें उडविलेला नव्हता. एका सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांनीं उडविलेला होता. छातीवर आंगठा, पाठीवर दोन बोटें अशी पकड धरून माझा भाऊ त्याला घरभर उडवीत असे, आणि तें अक्षर झिजलें होतें तें नेमकें त्या आंगठ्याएवढें. भाऊ जाऊन आतां चौदा वर्षें झालीं. त्याचीं छायाचित्रें आमच्याजवळ पुष्कळ आहेत. पण छायाचित्रांत त्याचा चेहरा आहे, त्याचा हात असा कोठें राहिलेला नाहीं. तो राहिला आहे येथें, जेथें रंग नाहीं तेथें.

आणि उपरण्याचें म्हणाल, तर मूळच्या कथेला तरी काय मूळचें आहे? सुपरमनच्या जुन्या कथांत त्याचा पोशाख कोणा शिंप्यानें शिवलेला नाहीं. परग्रहावरून तान्हेपणीं तो ज्या वाहनांतून पृथ्वीवर आला, त्यांत त्याच्या अंगाभोंवतीं निळीं, तांबडीं, पिंवळीं दुपटीं होतीं. त्याला वाढविणारी शेतकऱ्याची बायको मार्था केंट, हिनें तींच उसवून त्याला हा वेष करून दिला. म्हणजे जगांतल्या सर्वांत बलाढ्य पुरुषाच्या पाठीवर जें फडफडतें, तें घरांतल्या कापडाचें, आईनें हातानें शिवलेलें उपरणें. या कसोटीनें पाहिलें तर माझ्या सात सुपरमनांपैकीं सहा जणांचीं उपरणीं कारखान्यांतलीं आहेत; कथेंतल्यासारखें आहे तें एकट्या सातव्याचें.

मीं बरेचसे वीर विकले. ज्यांना मागणी होती ते गेले. त्या पैशांत सामान हलविण्याचा खर्च भागला, आणि उरले त्यांत मुलीसाठीं टेबल आलें. यांत मला दुःख झालें नाहीं. पोशाख मी पाहिले, ओळखले, त्यांचा आनंद घेतला. आतां दुसऱ्या कोणीं घ्यावा. संग्रह हा नदीच्या घाटासारखा असावा, धरणासारखा नसावा, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.

दिवाळींत नव्या जागेच्या आवारांत मुलांनीं किल्ला केला. कुंभाराकडून मातीचे मावळे आणले, तट उभारला, हळीव पेरलें. बुरुजावर पहारा करायला एक माणूस कमी पडत होता. माझी मुलगी वर धांवत आली आणि ‘बाबा, एक देतां?’ म्हणून उभी राहिली. फळीवर चांगले धडधाकट, कोऱ्या पोशाखांतले अठरा जण होते. मीं तिला सातवा सुपरमन दिला. चार दिवस तो मावळ्यांच्या खांद्याला खांदा लावून उन्हांत उभा होता. परत आला तेव्हां उपरण्याला चिखल लागला होता आणि धांवदोऱ्याचा एक टांका सुटला होता. चिखल पत्नीनें धुतला. टांका मुलीनें घातला. जरा लांब पडला आहे, पण धरून आहे.